न ओरडणाऱ्या मॅडम, बदलापूर

३ नोव्हेंबर, सोमवार

चौदा! शनिवारी लोकांनी गुगलवर माझा स्कूटी क्लास चौदा वेळा शोधला. आलेख कसा ताठ उभा राहिलाय! पश्चिमेला तो नवा क्लास निघाल्यापासून दोन महिने माझ्याकडे एक बाई फिरकलेली नाही. म्हटलं, आता बघू त्यांच्याकडे.

श्रद्धाला दाखवलं. सूनबाई उल्हासनगरच्या एका ऑफिसात हेच काम करते — लोकांच्या वेबसाइट शोधात वर आणायच्या. माझी साइट तिनंच केली, आणि कोण शोधतं, कितव्या नंबरावर दिसते, हे तपासायची सोयही तिनंच जोडून दिली. बघून म्हणाली, "आई, शनिवारी तुम्ही स्वतः किती वेळा शोधलंत?"

आठवून पाहिलं. चौदा.

४ नोव्हेंबर

जयदेव जेवताना म्हणाला, "आई, महिनाअखेरपर्यंत एक तरी बाई आली तर ठीक. नाहीतर गाडी विकून टाकू. नुसती गंजतेय."

मुलगा आहे की नगरपालिकेची नोटीस! त्याला दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही.

६ नोव्हेंबर

सोसायटीच्या बायकांना फर्मान काढलं: रोज एकदा माझा क्लास शोधून त्यावर दाबायचं. राजसी म्हणाली, "तुळशीताई, दाबतो की. पण शिकायला बोलावू नका हं!" सगळ्या हसल्या. मीही हसले — थोडी.

'पानाची नोंद घ्यावी' अशा विनंतीचंही एक बटण आहे. रोज सकाळी दाबते. श्रद्धा म्हणते एकदा पुरे. पाठपुरावा केल्याशिवाय कुठला अर्ज हलतो का!

९ नोव्हेंबर, रविवार

लोक काय शब्द टाकून माझ्यापर्यंत पोचतात, तेही दिसतं म्हणे. पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं.

"स्कूटी क्लास बदलापूर न ओरडणाऱ्या मॅडम". यात माझा नंबर अडतिसावा.

अडतिसावा! या बदलापुरात माझ्याआधी सदतीस शांत बायका आहेत? राहतात कुठे?

शिवाय जे कोणी पान उघडतात ते चार सेकंदांत पळतात. मैदानावर आलेल्या निदान दहा मिनिटं तरी टिकायच्या!

श्रद्धा म्हणाली, "आई, पहिल्याच पानावर अकरा नियम आहेत."

"शिस्त नको?"

"नववा नियम 'रडू नये' असा आहे."

आहे खरा.

१० नोव्हेंबर

सकाळी नियम कमी करून सात केले. संध्याकाळी तीन. बी.ए.च्या परीक्षेतसुद्धा एवढी खाडाखोड केली नव्हती.

१३ नोव्हेंबर

आज एक नवी ओळ दिसली. चहा तसाच निवला.

"सासूला न सांगता स्कूटी शिकणे बदलापूर".

गेले तीन दिवस रोज तीच. पान उघडते, फोन मात्र करत नाही. कोण ही सासू? या काळात सुनेला गाडी शिकायची चोरी! असल्या कैदाशिणीला मैदानात उभं करून आठाचे आकडे काढायला लावले पाहिजेत.

संध्याकाळी मेथी निवडताना हात थांबला. माझ्याही घरात एक सून आहे. रोज स्टेशनला रिक्षाने जाते. आणि मला घाबरते.

म्हणजे कैदाशीण मीच की!

१४ नोव्हेंबर

दिवसभर गोड वागले. फार अवघड काम. शेवटी श्रद्धानं कपाळाला हात लावून पाहिला — "आई, बरं वाटत नाही का?"

तिच्या ताटाशेजारी गाडीची किल्ली ठेवली. म्हटलं, उद्यापासून शिक. चोरून नको.

तिनं किल्ली परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "अहो आई, मला येते गाडी. लग्नाआधी ऑफिसला गाडीनंच जायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

नाही विचारलं. तीन वर्षं झाली लग्नाला. परक्या बायकांना मात्र पहिल्याच दिवशी विचारते — सायकल येते का, भीती कशाची वाटते, चष्मा आहे का.

ती ओळ तिची नव्हतीच. मग आहे कुणाची?

१६ नोव्हेंबर, रविवार

दोघींनी बसून त्या बाईसाठी वेगळं पान केलं. 'घरी कळणार नाही. मैदान वस्तीपासून लांब. एका वेळी एकच बाई.' मी म्हटलं, 'वेळ पाळावी' एवढं तरी राहू दे. राहू दिलं. 'ओरडणार नाही' हे वाक्य श्रद्धानं घातलं. मी दुसरीकडे बघत होते.

गाडीवरची 'शिकाऊ महिला' ही पट्टी सुरीनं खरवडून काढली. रंगही निघाला थोडा.

२० नोव्हेंबर

फोन!! दबका आवाज. "मॅडम, मी वांगणीवरून बोलते, भिमाबाई. तुम्ही वरडत नाय ना?"

"मुळीच नाही!" म्हटलं — जरा जोरातच. फोन कट.

मेले, वाटलं. पाच मिनिटांनी पुन्हा आला. हुश्श!

२२ नोव्हेंबर, शनिवार

मला वाटलेलं नवी नवरी असेल. पंचेचाळिशीची बाई निघाली! नवरा धर्मराज, आनंदनगरला कंपनीत. बाजाराला जातेय सांगून आली होती. रिकामी पिशवी हातात.

"सासूबाय म्हणतात, बाईमानसाला मागची शीट बरी. त्या सासऱ्यांच्या मागं बसल्या, मी यांच्या मागं." मग हळूच, "मॅडम, पडली त?"

"पडलात तर उठायचं."

पडली नाही. सरळ करवंदीच्या झुडपात गेली. मी ओरडले नाही. ओढणी दाताखाली धरली होती.

जाताना आमच्या इथूनच भेंडी घेऊन दिली. रिकामी पिशवी घेऊन घरी गेली तर सासूला काय सांगणार?

२६ नोव्हेंबर

भिमाबाईंनी मैदानाला अख्खी फेरी मारली. उतरून रडल्या. रडू दिलं.

जयदेव विचारतो, "ही रोज सकाळी येते ती कोण?" सांगितलं नाही. गाडी विकायचं नाव त्यानंही काढलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वांगणीहून फोन. करडा, म्हातारा आवाज. वय अडुसष्ट. "फोनला इचारलं, गाडी कोन शिकवतं. तुमचंच नाव पयलं आलं." पहिलं! पुढे म्हणाल्या, "शेतावर जायचं त पोराच्या मागं बसायचं. आजून किती वरसं मागं बसू? पन घरात कळाया नको. सून हसंल."

मुलाचं नाव विचारलं. धर्मराज. आनंदनगरला कंपनीत.

उद्या सकाळी साडेसातची वेळ दिली. भिमाबाईंचीच.