कोहागिचा डावा मोजा

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोजा वर ओढला. शेवटी!

दीड वर्ष सहन केलं. माझ्या दुकानाच्या दारात उभं असलेलं ते कटआउट — शाळकरी मुलगी, हातात फडकं, उजवा मोजा गुडघ्यापर्यंत ताठ आणि डावा घोट्यापाशी गोळा. रोज शटर वर केलं की पहिली नजर तिथेच जायची. मी पाट्या रंगवणारा माणूस. या बंदरातल्या निम्म्या दुकानांची नावं माझ्या हातची आहेत. त्यातल्या एका अक्षराचा पाय केसभर खाली गेलेला दाखवा! कुणाकडे शिकलो नाही, म्हणून कुणाच्या चुकाही उचलल्या नाहीत. आणि माझ्याच दारात हे ध्यान!

समुद्राच्या उन्हाने तिचे रंग उडालेच होते. गळ्यातल्या रुमालाची निळाई भरायला घेतली आणि ब्रश आपोआप खाली गेला. आधी पांढरा, मग किंचित राखी. सुरकुत्या बुजवल्या, गुडघ्याखाली काठ ओढला. जोड कुठे आहे ते छापणाऱ्यालाही सापडणार नाही.

फुमिए बाहेर येऊन बघून गेली. मुलीकडे कमी, माझ्याकडेच जास्त. हसली.

"काय?"

"काही नाही."

बायकोच्या 'काही नाही'त पुष्कळ काही असतं, पण विचारत कोण बसतो!

१८ सप्टेंबर, गुरुवार

या मुलीचं नाव कोहागि. आमच्या बंदरावर कुणीतरी ॲनिमे, म्हणजे कार्टूनची, मालिका काढली — जुनं दीपगृह सांभाळणाऱ्या सहा मुलींची. मग लोक ते दीपगृह बघायला यायला लागले. व्यापारी संघाने सहा मुलींची सहा कटआउट मागवली आणि दुकानांत चिठ्ठ्या टाकून वाटली. संघाचा अध्यक्ष दोई, साके दारू विकतो. त्याला निघाली हसरी म्होरकी. मला ही. दिव्याची भिंगं पुसते, बोलत नाही, हसत नाही. "तुझीच मुलगी शोभते रे," असं दोई तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता.

मला वाटलं, हिला बघायला काळं कुत्रं यायचं नाही. पण येतात! चांगली दुरून येतात. का येतात यावर मी बराच विचार केला आहे. माझं मत असं: तिचे केस एका बाजूला कापलेले आहेत. भिंतीवर नुसती सावली पडली तरी कोण ते कळतं. आणि अंगावर रंग तीनच. चांगल्या पाटीचंही तेच असतं — रस्त्याच्या पलीकडून, डोळे बारीक करून, चालता चालता वाचता आली पाहिजे. बाकीच्या पाचजणी म्हणजे लग्नाची आमंत्रणं. नक्षीच नक्षी.

मोज्याचा यात काडीचा संबंध नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

मोरिवाकि आला. गिफूहून येतो, तिकडे बस चालवतो. महिन्यातून एकदा येणार, माझ्या स्टुलावर बसणार, घरून आणलेले भाताचे दोन गोळे खाणार, कोहागिकडे बघणार आणि जाणार. बोलणं नाही. मला असा माणूस चालतो.

आज त्याने तिला बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणी गेल्यावर काढतात तशी.

"काका... मोजा."

"दुरुस्त केला."

"दुरुस्त?"

डबा न उघडताच गेला.

दुपारी कानो आली, कॉलेजातली चित्रं काढणारी पोरगी. तिला दम निघेना. "काका! ही कुणीतरी दुसरीच आहे हो! हिची नीटनेटकी बहीण!"

२४ सप्टेंबर, बुधवार

दोई तणतणत आला. "अरे कुराशिना, पोरीचा मोजा कुणी ओढला म्हणून सगळा देश विचारतोय! फोनवर फोन!"

म्हटलं, देशाला दुसरं काम नाही का?

काम आहे म्हणाला. कटआउटला ब्रश लावायचाच नाही असा मालिका काढणाऱ्या कंपनीचा नियम. तो त्याने मला पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता म्हणे. असेल. बारा ऑक्टोबरला कोहागिचा वाढदिवस, तेव्हा माझ्या दारात लोक जमतात. त्याच दिवशी कंपनीची बाई बघायला येणार. पसंत पडलं नाही तर कटआउट उचलणार. नवीन येईल ते स्टेशनजवळच्या केकवाल्याकडे. "त्याच्याकडे काचेचं दार आहे, ऊन लागत नाही. शिवाय तो भांडत नाही."

"न्या की! दारातली अडगळ जाईल," मी म्हणालो.

संध्याकाळी तिला आत घेतलं. दीड वर्ष रोज घेतो, हाताला वजन पाठ झालंय. आत घेताना चौकटीला डोकं लागतं म्हणून जरा तिरपी करावी लागते. केकवाल्याला हे कोण सांगणार?

२७ सप्टेंबर, शनिवार

फुमिएबरोबर मालिका बघितली. पहिल्यांदाच, आणि सगळी. समुद्र बरा काढला आहे, दोरांच्या गाठी चुकल्या आहेत.

पण मोजा कुठे घसरतो ते सापडलं! वादळात दिवा विझायला येतो, तेव्हा ही जिना चढत धावते. तिथे घसरतो. वर पोचून भिंग पुसत राहते, होड्या आत येईपर्यंत. मोजा तसाच. पुढे दर भागात तो कधी ना कधी घसरलेला असतो, आणि कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही.

म्हणजे खोट लोकांना आवडते. असो. मला खोटही काढता येते. तेरड्याचा रंग नाही माझा, सांगितलेलं करतो. बारा तारखेच्या आत मोजा खाली आणतो. पोरगी कुठे जात नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

फळीवर सराव केला. सुरकुत्या बरोबर, सावली बरोबर, घोट्याचं हाड बरोबर. आणि सगळं मिळून मोज्यांच्या दुकानाची जाहिरात!

पुन्हा काढला. पुन्हा जाहिरात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

फुमिएने कुठूनतरी जुने मोजे शोधले, इलॅस्टिक गेलेले. पायात घातले आणि तांदळाचं पोतं घेऊन माडीवर चढली-उतरली. मी खाली बसून रेखाटत होतो. या वयात आमचं हे! मासळीवाली दारातून म्हणाली, "वहिनी, शाळेत नाव घातलंत की काय?" फुमिए म्हणाली, "घातलंय. पण मास्तर फार कडक आहेत."

मग घाम पुसत तिने माझी फळी बघितली.

"तुमचा मोजा ओरडतोय — बघा, बघा, मी घसरलोय!"

"घसरलेलाच तर आहे."

"हो, पण त्या पोरीला ते ठाऊक नाही. तिचं सगळं लक्ष वर, दिव्याकडे. म्हणून तर आपल्याला वाटतं, जाऊन हळूच ओढून द्यावा. पण हाक मारवत नाही. तुम्ही जी काढलीत ना, तिला पक्कं ठाऊक आहे."

"मग मी मोजा काढू की दिवा?"

"लक्ष काढा," म्हणाली आणि पोतं जागेवर ठेवायला गेली.

फळीकडे बराच वेळ बघत बसलो. बाईचं बरोबर आहे. सावलीवरून ओळखू येणं वेगळं, जीव लागणं वेगळं. पाटीला कुणी जीव लावत नाही. पाटी सारखी तुमच्याकडेच बघत असते — वाचा मला, वाचा मला! ही कुणाकडेच बघत नाही. तिला काम आहे.

हे मला आधी सुचायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

काढला! कटआउटवरच. मोज्याकडे फार बघितलंच नाही. तिचे डोळे कुठे लागलेत ते बघत राहिलो आणि हात खाली चालू ठेवला. सुरकुत्या आपापल्या पडल्या, एकीचं दुसरीशी पटत नाही अशा.

मोरिवाकि नेमका आज आला. महिना व्हायच्या आतच. उकिडवा बसून बघितलं. मग स्टूल ओढलं आणि डबा उघडला. दोन्ही गोळे खाल्ले, वर मला लोणच्याचा आलुबुखार दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेली.

सकाळपासून माणसंच माणसं. केक, फुलं, भिंगाच्या आकाराच्या साखरेच्या वड्या. कंपनीच्या बाई आल्या, उराबे नावाच्या. वयाने लहान, बोलायला मऊ. गुडघ्यावर बसून मोजा बघितला, मान वर करून डोळे बघितले, पुन्हा मोजा.

"सुंदर आहे," म्हणाल्या. "पण हा आमचा नाही, तुमचा आहे. रंगवलेलं कटआउट ठेवता येत नाही. मला वाईट वाटतं, काका."

आणि दोई — भांडला! माझ्या बाजूने! "बाई, हा माणूस देवाशीसुद्धा भांडला असता, पण हिला रोज आत घेताना कधी डोकं लागू दिलं नाही त्याने!" हे त्याने कधी बघितलं, कोण जाणे.

नियम तो नियम. मीही तोच केला असता. जुन्या चादरीत मीच तिला गुंडाळली. चौकटीतून तिरपी काढली.

जाताना मंडळींनी मला जाड पुठ्ठ्याचा चौकोन दिला, सगळ्यांच्या सह्यांचा. मधे कानोने काढलेलं चित्र — एका बाजूला कोहागि भिंग पुसते आहे, दुसऱ्या बाजूला स्टुलावर मी, पाटीवर वाकलेला. हात चांगला आहे पोरीचा. एप्रनची गाठसुद्धा बरोबर डाव्या अंगाला. पण एक ढोबळ चूक! माझ्या उजव्या कानामागे निळ्या रंगाचा फराटा ओढला आहे. मी जन्मात असा गबाळ्यासारखा दुकानात बसलो नाही. तिला तसं सांगितलंही. तिने मोरिवाकिकडे बघितलं. मोरिवाकि डब्यात बघायला लागला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दार मोकळं. नवी कोहागि शुक्रवारपासून केकवाल्याकडे उभी आहे, काचेआड. आज कुणी येणार नाही हे धरूनच चाललो होतो.

दुपारी मोरिवाकि आला. मागे कानो, आणि आणखी दोघं-तिघं.

"ती इथे नाही," मी म्हणालो. "स्टेशनजवळ, केकच्या दुकानात."

"बघून आलो, काका," मोरिवाकि म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

सगळेच बसले. मी मासळीवालीची पाटी करत होतो, ती करत राहिलो. काय बघत होते कोण जाणे.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी फुमिएचा हातआरसा घेऊन न्हाणीघरातल्या आरशासमोर पाठमोरा उभा राहिलो. उजव्या कानामागे हिरवा. कालच्या पाटीचा.

"हे कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," फुमिए म्हणाली. "बघायला आलात तेव्हा लाल होता."

"आणि इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पुसलं असतंत."