हौस म्हणजे कोणतं खातं?

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण खाली वाकल्यावर उठवायला सध्या घरात कोणी नाही (तुमची मेव्हणी भाजी आणायला गेली आहे), तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्या. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? लेकीच्या इमारतीला लिफ्ट आहे असं कळवलंत, म्हणजे गुडघ्याला आता कुरकुरायला फारसं निमित्त उरलं नसेल. इकडे सगळं ठीक. माझी कंबर आहे तशीच आहे आणि तुमच्या मेव्हणीचं तिच्याबद्दलचं मतही आहे तसंच आहे.

तुमचं पत्र मिळालं. लेकीने बाल्कनीत खुर्ची टाकून दिली आहे, खाली रस्ता दिसतो, दिवसभर माणसं येतात-जातात, मी मजेत आहे, असं लिहिलंत. त्यापुढे 'ओळखीचं मात्र कोणी जात नाही' असं लिहून ते खोडलंत. खोडायचंच होतं तर नीट गिरवून खोडायचं हो. एका रेघेने खोडलेलं माणूस सगळ्यात आधी वाचतो.

तुम्ही गेल्यावर आपल्या रविवारच्या फेऱ्या मी बंद केल्या असतील अशी समजूत करून घेऊ नका. मी निघतो. गळ्यात कॅमेरा, पाठीला बॅग, आणि खांद्यावर कॅमेऱ्याची ती तिपाई, जी इतकी वर्षं तुमच्या खांद्यावर होती. ती एवढी जड आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत. (बोलला असाल, मी भिंगातून बघत असेन.) पण ओझ्याचं एक वेळ ठीक आहे, माणसांचं काय करू? बसमध्ये चढलो की ज्याची त्याची नजर तिपाईच्या त्या लांबट पिशवीकडे. परवा एका आजींनी विचारलं, वाजवता का? मी नाही म्हणालो. तर 'शिकताय होय' म्हणून त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मी मान हलवली. आता त्या बसने जायची सोय राहिली नाही, कारण एक दिवस त्या ऐकायला मागणार.

फुटपाथवर तर त्याहून कठीण. नुसतं भिंग पुसायला म्हणून कॅमेरा डोळ्यांसमोर धरला, तरी समोरून येणारे लोक थबकतात, आपण फोटोत यायला नको म्हणून. मी पुसतोय, ते थांबलेत, त्यांच्या मागचे का थांबलेत हे त्यांनाही माहीत नाही, आणि 'या हो, पुढे या' एवढंसं वाक्य माझ्या तोंडातून फुटत नाही. शेवटी मी समोरच्या भिंतीचा एक फोटो काढतो आणि सगळ्यांची सुटका करतो. माझ्याकडे आता अशा भिंती पुष्कळ साठल्या आहेत. शिवाय 'कितीला घेतला'वाले आहेत, 'मोबाइलमध्येही येतात की हल्ली'वाले आहेत, आणि एक गृहस्थ तर माझ्या कानाशी येऊन सांगून गेले की आमच्याकडे ह्याच्यापेक्षा भारी आहे, कपाटात. काही जण आपण होऊन केस सारखे करतात, भांग नीट करतात, ताठ उभे राहतात आणि मग विचारतात, कुठे छापून येणार? कुठेच नाही म्हटलं की त्यांचा चेहरा असा उतरतो, जणू मी त्यांना बोलावून परत पाठवलं.

ही सगळी जनता तुम्ही सांभाळत होता. मी काच पुसेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असायचा आणि कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगत असायचा. काय सांगायचा ते मला कधीच ऐकू आलं नाही. मी मान वर करेपर्यंत तो माणूस हसत असायचा, मी बटण दाबायचो, आणि लोक म्हणायचे, फोटो काय छान आलाय. मला वाटायचं, मी काढलाय. तुम्ही दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जन्म काढलात, भेदरलेल्या माणसाला गप्पांत गुंतवून खुर्चीत बसवायचं आणि त्याला कळायच्या आत तोंड उघडायला लावायचं. मी जन्म काढला पासपोर्टच्या फोटोंत. हसू नका, हलू नका, सरळ बघा. दोन सख्ख्या बहिणींना असे दोन नवरे मिळावेत, हे सासऱ्यांच्या चौकस स्वभावाला शोभलं नाही. तुम्ही गेल्यापासून माझ्या फोटोत कुणी हसलेलं नाही. झाडाखाली उभे राहिलेले, बाकावर बसलेले, सगळे परदेशी निघाल्यासारखे दिसतात.

तर गेल्या रविवारची हकीकत. छापखान्यामागची ती अरुंद गल्ली, जिथे सकाळी उन्हाचा पट्टा एकेका दुकानाची पायरी उतरत येतो, तो टिपायचा असं आपलं ठरलं होतं. एकट्याने जावं की नाही असं बरेच दिवस चाललं होतं. मग वाटलं, तुम्ही काय आता येत नाही. गेलो. गल्लीच्या मधोमध तिपाई मांडली, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, दोन पावलं मागे आलो, पुन्हा पाहिलं. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा दाराशी आले, माझ्याकडे बघून आत गेले, आणि स्टूल घेऊन बाहेर आले. बसा साहेब, म्हणाले. मागोमाग चहा आला. मला वाटलं, लोक किती चांगले आहेत. मग त्यांनी हळूच विचारलं, पायरी दुकानात धरतात की रस्त्यात?

मला काही उमगेना. तोवर पलीकडचा छत्र्यावाला बाहेर टांगलेल्या सगळ्या छत्र्या भराभरा आत ओढायला लागला. एकाने माझ्या तिपाईचा एक पाय उचलून आपल्या उंबऱ्यापासून लांब ठेवला आणि सांगितलं, मोजायचं तर तिकडून मोजा, आमची बाजू जुनी आहे. मग उलगडा झाला. गल्ली रुंद होणार अशी आवई उठलेली आणि मी मोजणीवाला साहेब! मी म्हणालो, अहो, मी फोटोवाला आहे. छत्र्यावाला म्हणाला, आधी सगळे असंच सांगतात. (आधी कोण आणि काय सांगून गेलं होतं कोण जाणे, पण माझा चेहरा त्याच्यासारखा होता हे नक्की.)

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. तुमच्या मेव्हणीच्या वयाच्या. गळ्यातला टेप त्यांनी काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा घ्या. माझ्यापासून सुरू करा. आणि दुकान गेल्यावर मी मशीन कुठे ठेवायचं, तेही लिहून घ्या."

आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या. एका हातात त्यांचा टेप, दुसऱ्या हातात फुकटचा चहा, आणि मी मख्ख उभा. तुम्ही असता तर त्यांच्या कानात चार शब्द सांगून एव्हाना त्या दुकानात बसून स्वतःसाठी शर्टाचं माप देत असता.

मग कोणीतरी पोलिसाला बोलावलं. चांगला धिप्पाड, मिशीवाला.

"परवानगी आहे?"

"फोटो काढतोय."

"कोणासाठी?"

"हौस आहे."

"हौस म्हणजे कोणतं खातं?"

साडूभाऊ, एवढं झकास वाक्य त्या गल्लीत पडलं आणि कोणीच हसलं नाही. तोही हसला नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नेहमीप्रमाणे बाजूला पाहिलं, तुम्ही उत्तर द्याल म्हणून. बाजूला छत्र्यावाला होता.

"एकटेच आहात?" पोलिसाने विचारलं.

"नाही, साडू असतात बरोबर."

"कुठे आहेत मग?"

"लेकीकडे गेलेत."

"कधी येणार?"

प्रश्न साधा होता. त्याच्या कामाचाच भाग होता. पण इतके महिने मला हे कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. डोळ्यांत उन्हाचा पट्टा आला असावा. (तो अजून दोन दुकानं लांब होता, पण येऊ शकतो.) बाईंनी माझ्या हातातला कप काढून घेतला, पोलिसाने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतःची टोपी काढली. बाई खाली वाकून म्हणाल्या, गेले का हो?

मी घाबरून ओरडलोच, नाही, नाही, खणखणीत आहेत! त्यांची बायको गेली. माझ्या बायकोची थोरली बहीण. मग घरात एकटे कसे राहणार म्हणून लेक घेऊन गेली. चांगली आहे लेक. बाल्कनी आहे.

परक्या माणसांशी मी आयुष्यात एवढं सलग कधी बोललो नव्हतो. आणि एकदा सुटलो तो थांबेना. तुमच्या गुडघ्याचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं, पेशंट पळून गेल्याची तुमची ती गोष्ट सांगितली, ज्यात तुम्ही त्याला शोधायला बाहेर धावलात आणि परत येऊन बघता तर दमलेले डॉक्टरच खुर्चीत डोळे मिटून आडवे, आणि तुम्ही घाईघाईत त्यांच्याच गळ्यात टॉवेल बांधून 'आ करा' म्हणालात. मी ती तुमच्यासारखी रंगवली नाही. मधेच टॉवेल विसरलो आणि शेवटी आठवल्यावर परत मागे गेलो. तरी आधी छत्र्यावाला हसला, मग घड्याळवाले बुवा, मग तो पोलिस मिशीवर हात ठेवून, आणि शेवटी त्या बाईही. ऊन अगदी त्यांच्या पायरीवर आलं होतं. सगळी गल्ली हसत होती, कॅमेरा माझ्यापासून दोन हातांवर तीन पाय रोवून उभा होता, आणि मी बटण दाबलं नाही. कसं दाबणार? मी बोलत होतो. जो हसवतो त्याला बटण दाबता येत नाही, जो बटण दाबतो त्याला हसवता येत नाही. हे दोन माणसांचं काम आहे. एवढी साधी गोष्ट कळायला मला तुम्हाला गमवायची पाळी यावी!

मी उठून कॅमेऱ्यापाशी पोचलो तोवर सगळ्यांनी ओळीने उभं राहून पासपोर्टचे चेहरे केले होते. हसा म्हटलं तर आणखी गंभीर झाले. बाई म्हणाल्या, "राहू द्या आता. ते आले की काढा. तोवर गल्ली कुठे जात नाही." असं म्हणून त्यांनी एकदा गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं. टेप मी त्यांना परत दिला. घड्याळवाल्यांनी जाताना आणखी एक चहा पाजला, मी खरंच मोजणीवाला निघालो तर असावा म्हणून.

असो. यावरून मी तुम्हाला बोलावतोय असा अर्थ काढू नका. लेकीकडे आहात, सुखात आहात, आनंद आहे. तिला आणि जावईबापूंना आशीर्वाद, नातवाच्या गालाचा एक पापा माझ्या वतीने घ्या, आणि बाल्कनीत वारा लागत असेल तर कान झाका.

तुमचा,
साडू

ता. क. : तुमचं चष्म्याचं घर माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत सापडलं. पोस्टाने पाठवलं असतं, पण एवढी लहान वस्तू वाटेत हरवते असं पोस्टातला माणूस म्हणाला. (मी त्याला विचारलेलं नाही.)

दुसरा ता. क. : घरातली अंधारखोली मी रिकामी केली आहे. ट्रे, लाल दिवा, बाटल्या सगळं माळ्यावर टाकलं. आता फिल्म धुतो कोण? खिडकीवर ठोकलेल्या फळ्याही काढल्या. तिथे खिडकी आहे हेच मी विसरून गेलो होतो. सकाळचा उजेड थेट समोरच्या भिंतीवर येतो. भिंतीवर डाग होते, तिथे रंग दिला आहे. खाट बसते. मी आडवा होऊन पाहिलं, माझे पाय बाहेर येतात, तुमचे येणार नाहीत. हे नुसतं कळवण्यासाठी. लेकीला वाईट वाटायला नको, तिला मी निराळं पत्र लिहीन, पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर तिथे कांदे-बटाटे ठेवू, काही बिघडत नाही.

भाऊजी, आता मी लिहिते आहे. पाकीट चिकटवून टाक, वाचू नकोस, असं सांगून यांनी हे माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. खोलीला रंग मी दिलाय. हे खाटेवर आडवे होऊन कुठे राहिलाय ते दाखवत होते. यांचा आग्रह नसेल, माझा आहे. आई-बाबा कधीच गेले, आता ताईही गेली. माहेर म्हणून मी कुणाकडे बोट दाखवायचं? तुमच्याकडेच ना? मग ते असं दुसऱ्याच गावी जाऊन बसलेलं मला चालणार नाही. लेकीला बरोबर आणा, आठ दिवस राहू दे, खोली बघू दे, पण या.