गाडी तयार आहे

॥ श्री ॥
मुलुंड, ता. १८ सप्टेंबर १९५५

ति. सौ. उत्तराताईस श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू विचारतेस ते खरं आहे. मी मोटार घेतली. अंधेरीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची आहे, माझ्यापेक्षा थोडीच लहान. सेल्फ कधीच मेला आहे, त्यामुळे पुढे हँडल मारूनच सुरू करावी लागते. हसायचं तर हस. पण दोन वर्षांपूर्वी भर पावसात टांगा शोधत मी मुलुंडभर फिरत होतो आणि घाटकोपरच्या सूतिकागृहाच्या दारात पोचेपर्यंत आमचं बाळ गेलं होतं, हे तू विसरली नसशील. मार्गशीर्षात सुनंदाचे दिवस भरतात. या वेळी वाहन माझ्या दारात उभं असेल.

गाडीचा टायमिंगचा तेवढा घोळ आहे. स्टीअरिंगखाली डावीकडे एक बारीक दांडी असते. ती वर ठेवली की ठिणगी उशिरा पडते, म्हणजे टायमिंग मागे; खाली ओढली की लवकर, म्हणजे पुढे. सुरू करताना वर, गाडी पळायला लागली की खाली. एवढं साधं आहे, पण माझी गाडी चढावर ठकठक ठोकते. रविवारी ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बसलो होतो. प्लगच्या भोकात खराट्याची काडी घालून पिस्टन वर कधी येतो ते पाहिलं आणि टायमिंग नव्याने लावलं. सुनंदा म्हणाली की डॉक्टरसुद्धा तिला इतकं तपासत नाहीत.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझ्या चेष्टेची वाट पाहतो आहे, सोबत थोडी मायाही पाठव.
तुझा श्याम

॥ श्री ॥
सातारा, ता. २९ सप्टेंबर

चि. श्याम व चि. सौ. सुनंदा यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सायकल शिकताना विहिरीच्या कठड्यावर जाऊन आपटणारा माझा भाऊ मोटारवाला झाला, हे आळीत सगळ्यांना सांगून झालं आहे. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी रस्त्यांच्या कामावर असताना जुने खटारे पुष्कळ हाकले आहेत. त्यांचा निरोप आहे की हँडल मारण्याआधी दांडी वर आहे का ते रोज डोळ्यांनी बघायचं, सवयीवर सोडायचं नाही. ठिणगी लवकर पडली की इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मनगटावर येतं. त्यांच्या एका ड्रायव्हरचा हात असाच मोडला, तो पुन्हा नीट वळला नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीत आवळू नकोस, असंही सांगायला सांगितलं आहे.

सुनंदा, तुला आई नाही, तेव्हा तुझं माहेर माझ्याकडे. आत्ताच ये म्हटलं असतं, पण आठवा लागतो आहे आणि आठव्यात प्रवास आपल्यात करत नाहीत. नववा लागला की दिवाळीनंतर श्यामने तुला इकडे आणून सोडावं, म्हणजे मोटारीचा प्रश्नच मिटला. आणि दसऱ्याला त्या धुडाची पूजा विसरू नका. स्टीअरिंगला झेंडूची चांगली भरघोस माळ घाला, नजर लागू नये.

भावजयीवर माझा जीव आहे, भावावरही आहे असं समजा.
उत्तरा

॥ श्री ॥
मुलुंड, ता. १२ ऑक्टोबर

ती. सौ. वन्संना सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न दाखवता टाकते आहे. तक्रार म्हणून नाही, पण मला भीती वाटू लागली आहे.

दर रविवारी हे गाडी घेऊन घाटकोपरला जाऊन येतात. सूतिकागृहाच्या दारापर्यंत जायचं आणि तिथूनच परतायचं. मागच्या सीटवर माझ्या जागी तांदळाचं पोतं ठेवतात, माझ्या वजनाने गाडी चढ घेते की नाही ते बघायला. पहिल्यांदा मी खूप हसले. आता पोतं उचलताना त्यांचा चेहरा पाहिला की हसू येत नाही. परत आले की टोपी उघडून टायमिंग थोडं पुढे घेतात, दुसऱ्या दिवशी थोडं मागे. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर हँडल मारून बघतात. शेजारच्या रत्नप्रभाबाई म्हणतात की तुमच्या बाळाला मोटारीच्या आवाजानेच कळा सुटतील.

वन्सं, ह्यांनी माझ्या पोटावर हात ठेवून किती दिवस झाले ते सांगायला मला लाज वाटते. बाळ पाय मारतं म्हटलं तर विचारतात की दुखतंय का, निघायचं का. ह्यांच्या मनाने घेतलं आहे की या वेळीही तसंच होणार. त्यांचं बघून मलाही तसंच वाटू लागलं आहे.

दिवाळीची वाट बघते आहे. मला तुमच्या मनात जागा आहे, ती राहू द्या.
सुनंदा

॥ श्री ॥
मुलुंड, ता. २८ ऑक्टोबर

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

अक्षर माझं बघून तुम्ही दचकाल म्हणून आधीच सांगते, जिवावरचं काही नाही. ह्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आहे.

दसऱ्याला गाडी धुतली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी माळ घातली, तुम्ही सांगितली होती तशी भरघोस. स्टीअरिंगवरून घसरू नये म्हणून तिचा एक पदर खालच्या दांडीला गुंडाळला. मला ती दांडी म्हणजे माळ अडकवायला आयती खुंटीच वाटली. माळेच्या ओझ्याने ती खाली आली असणार, आणि फुलांत झाकल्यामुळे कोणाला दिसली नाही. सगळी चाळ पेढ्यांसाठी उभी होती, म्हणून हे घाईने पुढे गेले आणि हँडल मारलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी रडून सांगितलं तेव्हा म्हणाले की माळेचं काही नाही, टायमिंगच जास्त पुढे होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. हात झोळीत अडकवून ते त्याच संध्याकाळी गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, मीही देत नाही. आपल्या लोभात खंड नको.
सुनंदा

॥ श्री ॥
सातारा, ता. ३ नोव्हेंबर

चि. श्यामला आशीर्वाद. वि. वि.

माझ्या माळेने तुझा हात मोडला. सुनंदा काही म्हणो, मला जेवण जात नाही. पण आता मोठी बहीण म्हणून सांगते ते ऐक. ती गाडी विक, नाहीतर तिच्यावर गोधडी टाकून ठेव. भाऊबीज झाली की हे मुंबईला येतात आणि सुनंदाला घेऊन जातात. तोवर मुलुंडमधली एखादी नर्स बघून ठेव आणि रोज थोडा वेळ बायकोजवळ बस. तिला त्याचीच गरज आहे, असं मला वाटतं. कोणी कळवलं ते विचारू नकोस.

तुझ्यावर रागावले आहे, तेवढीच मायाही आहे.
उत्तरा

मुलुंड, ता. १० नोव्हेंबर

ति. ताईस सा. न.

डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. झटका बसू नये म्हणून टायमिंग पुष्कळ मागे घेतलं आहे. आता हात मोडणार नाही. मात्र गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. शेजारचे सहदेव हँडल मारून देतात. ते गिरणीत असतील तेव्हा काय, एवढाच प्रश्न आहे, म्हणून डाव्या हाताने मारायची सवय करतो आहे. गाडी विकायचं मला सांगू नकोस.

लोभ ठेव, काळजी करू नकोस.
श्याम

॥ श्री ॥
मुलुंड, ता. २३ नोव्हेंबर

ती. सौ. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तार पोचली असेल, म्हणूनच भाऊजी निघाले नसतील. तारेत मावलं नाही ते लिहिते.

दिवस भरायच्या आधीच, भाऊजी यायच्या आदल्या दिवशी दुपारी मला कळा सुरू झाल्या. हे रजेवर होते. मी म्हटलं की नर्सला निरोप धाडा आणि माझ्याजवळ बसा, हात धरा. ते हो म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं निरोप सांगायला गेले. मग हँडलचा आवाज येऊ लागला. गाडी घेईना. सहदेव गिरणीत होते. खिडकीतून मला दिसलं की ह्यांनी टोपी उघडली आहे आणि ते खाली वाकून एका हाताने टायमिंग पुढे घेताहेत. मी हाका मारल्या. दोनदा त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, झालंच, एक मिनिट.

रत्नप्रभाबाई धावत जाऊन नर्सला घेऊन आल्या. बाळ येत होतं तेव्हा मी ह्यांना नावाने हाक मारली, वन्सं. आजवर कधी नाव घेतलं नव्हतं. नेमकी त्याच वेळी गाडी सुरू झाली, आणि त्या आवाजात त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. मुलगी जन्मली तेव्हा हे बाहेर गाडीत बसून, इंजिन बंद पडू नये म्हणून दांडी धरून, मला बोलावायला हॉर्न वाजवत होते. रत्नप्रभाबाईंनी जाऊन सांगितलं तेव्हाही आधी विचारलं की निघायचं ना.

मुलगी सुखरूप आहे, नाक तुमच्यासारखं आहे. मीही बरी आहे. पण ह्यांनी तिला अजून घेतलेलं नाही. म्हणतात, डाव्या हातातून पडेल. त्याच हाताने ते हँडल मारतात. मी म्हटलं की मी खालून धरते, तुम्ही नुसता हात लावा. तर उठून बाहेर गेले. काल मुलगी दोनदा शिंकली, तर हे भरल्या ताटावरून उठले आणि गाडी सुरू करून आले. ताप आला तर घाटकोपरला न्यावं लागेल, म्हणतात. मला वाटलं होतं की बाळ सुखाने हाती आलं की हे सगळं संपेल.

वन्सं, डिंकाचे लाडू नकोत, काही नको. तुम्ही या आणि ह्यांना हाताला धरून माझ्या खाटेशी बसवा. माझं ते ऐकत नाहीत. गाडी आत्ताही चालू आहे, आणि मुलगी झोपेत दचकते आहे.

लोभाचं काय लिहू, लवकर या.
सुनंदा