विहिरीच्या अंकातला काळोख

सर, मागच्या शुक्रवारी मी इंदापूरला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या पत्नीचा, आम्हा पोरांच्या चाचींचा, फोन आला होता. घर विकलं, आता त्या सोलापूरला मुलीकडे राहायला जाणार, आणि तुमची एक लोखंडी पेटी आहे तिचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. सगळे कागदच आहेत, तू ड्रॉइंगची बाई, तूच येऊन बघ काय ठेवायचं ते, असं म्हणाल्या. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्या घरी दोनदा गेले असेन, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन लगेच उठले. तुमच्यावरचा एक जुना राग होता, आणि तो मनात ठेवून चाचींसमोर फार वेळ बसवत नव्हतं. शुक्रवारी बसले ती चार तास. परत येताना बारामतीच्या गाडीत चढले एवढं आठवतं, निमगाव केतकी मागं पडलं तेही आठवतं, त्यापुढचं काही आठवत नाही. स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी मी बसूनच होते. कंडक्टरनं येऊन विचारलं, मॅडम, बरं वाटत नाही का. आज पाच दिवस झाले. आपण काय पाहिलं ते मला अजून नीट उमजलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

राग कशाचा ते तुम्हाला ठाऊक असणार, असं आता वाटतं. शुक्रवारपर्यंत वाटत होतं की तुम्ही ते कधीच विसरून गेला असाल. बारामतीची आपली शाळा, सातवीचा वर्ग, आणि मी कोऱ्हाळ्याहून एसटीनं येणारी, मागच्या बाकावरची मुलगी. इतर मास्तर दप्तरात कॉमिक सापडलं तर फाडायचे. तुम्ही मात्र वर्षातून एक तास चित्रकथांचाच घ्यायचात. पिशवीतून दोन अंक काढून टेबलावर ठेवायचात. देशभर गाजलेले दोन चित्रकार, नावं सगळ्या पोरांना पाठ, पण तुम्ही त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचात, म्हणून आम्हीही तसंच म्हणायचो. थोरले राजेरजवाडे काढायचे, हत्ती काढायचे, हत्तीच्या झुलीवरची वेलबुट्टीसुद्धा त्यांच्या हातून सुटायची नाही. त्यांनी काढलेला माणूस उभा असला की त्याच्या पायाखाली जमीन आहे हे कळायचं. धाकटे जंगलातल्या एका चौकीदाराच्या गोष्टी काढायचे. त्यांची रेघ घाईची, माणसं सारखी पळताहेत, घसरताहेत, आणि निम्मं पान काळं. या दोघांत मोठा कोण आणि का, ते एकेकानं उभं राहून सांगायचं, असा तो तास.

सगळा वर्ग थोरले म्हणतो. तुम्हाला ते आवडतात हे पोरांना माहीत आहे. माझी पाळी येते. मी दप्तरातून माझा अंक काढते. मामानं रद्दीतून आणून दिलेला, कव्हर गेलेला, चौकीदाराचा विहिरीचा अंक. रानातल्या पडक्या विहिरीत एक म्हातारी पडते आणि चौकीदार दोर धरून खाली उतरतो, एवढीच गोष्ट. पण उतरतानाची सलग तीन पानं नुसता काळोख आहे, आणि त्या काळोखात एक कंदील आणि दोर धरलेले दोन हात. मी म्हणते, सर, मला धाकटे आवडतात, यातला काळोख खरा आहे. आमच्या घरामागं विहीर आहे, तिच्यात वाकून बघितलं की असंच दिसतं. तुम्ही अंक हातात घेता. बराच वेळ ते पान बघत राहता, इतका वेळ की मागची पोरं चुळबुळ करायला लागतात. मग खिशातली लाल पेन्सिल काढता आणि माझ्याच अंकावर, त्याच पानावर, दोर धरलेल्या हाताचा अंगठा खोडून शेजारी दुसरा काढता.

"हा अंगठा मनगटातून निघालाय," तुम्ही म्हणता. "ज्याला हात काढता येत नाही, त्याला मोठा म्हणायचं नाही. बस खाली."

वर्ग हसला. मी संध्याकाळच्या गाडीत कोऱ्हाळ्यापर्यंत रडत गेले, कारण माझ्याकडं तो एकच अंक होता आणि तुम्ही तो लाल करून टाकला होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला स्टाफरूमच्या दारात थांबवलंत आणि काळ्या शाईची अर्धी भरलेली बाटली आणि एक टाक हातात दिलात. पोरीला रडवलं म्हणून दिलं असेल, असं मी धरून चालले. शाई मात्र वापरली. त्याच शाईवर माझा हात बसला, आणि पुढं मी तुमच्यासारखीच ड्रॉइंग शिकवायला लागले. दर वर्षी सातवीला मीही तोच तास घेते. आता पोरांना सगळं मोबाइलवर दिसतं, तरी मी छापलेले अंक नेते. शेवटी पोरं विचारतात, बाई, तुम्हाला कोण आवडतं. मी दर वर्षी धाकटे म्हणून सांगते.

आता शुक्रवारचं सांगते. चाचींनी पेटी स्वयंपाकघरात ओढून ठेवली होती, उजेड तिथंच बरा येतो म्हणाल्या. वर शाळेची रजिस्टरं, परीक्षेचे जुने पेपर, तुमचा सेवापुस्तकाचा उतारा. त्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेले मोठे जाड कागद होते. मी गाठ सोडली आणि पहिलाच कागद उलटा निघाला. सरळ केला. समोर विहीर होती. छापलेल्या पानाच्या दुप्पट आकाराची, तीच विहीर, तोच कंदील, दोर धरलेले तेच हात. मला आधी वाटलं, तुम्ही कुठून तरी धाकट्यांचं मूळ चित्र मिळवलं असेल. चित्रकाराचं मूळ पान हातात आलं म्हणून मी ते डोळ्यांजवळ नेलं. मग दिसलं की अंगठ्याच्या जागी पांढऱ्या रंगाचे थरावर थर चढलेत. कुणीतरी तो अंगठा पाच-सहा वेळा पुसून पुन्हा काढलाय, आणि शेवटी थकून चुकलेलाच ठेवलाय. कडेला निळ्या पेन्सिलीनं सूचना लिहिल्या होत्या, आणि ते अक्षर मी ओळखते, सर. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते अक्षर पाच वर्षं आलंय. मी खालचा कागद काढला, त्याखालचा काढला. सगळा अंक होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुमच्या हातचा.

मी चाचींकडं पाहिलं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय, मास्तरांचंच हाय. ते असताना दावता येत न्हवतं, त्यांनी शब्द दिलेला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाआधी तुम्ही तीन वर्षं मुंबईत धाकट्यांच्या हाताखाली होतात, घरातल्या आजारपणामुळं ते काम सोडून गावाकडं आलात, मग शाळेत लागलात. पुढं धाकट्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला. रेघ सरळ येईना, आणि ही गोष्ट बाहेर कळली असती तर त्यांचं काम गेलं असतं. त्यांनी तुम्हाला लिहिलं. तुम्ही बारामतीत, कसब्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून चार अंक काढून दिलेत आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलेत. नाव त्यांचंच छापून आलं, तसंच ठरलं होतं. धाकट्यांनी नंतर मूळ पानं परत पाठवली, त्यासोबतची त्यांची चिठ्ठीही पेटीत आहे. अक्षर इतकं थरथरलेलं की मला ती दोनदा वाचावी लागली. विहिरीच्या अंकात माझं काहीच नाही, लोक माझं कौतुक करतात तेव्हा मान वर होत नाही, असं त्यांनी लिहिलंय.

मी ते वाचत होते आणि कानात तुमचा आवाज येत होता, ज्याला हात काढता येत नाही त्याला मोठा म्हणायचं नाही. तो चाळीस पोरांचा वर्ग, हसणारी पोरं, आणि टेबलाशी उभे तुम्ही, स्वतःचंच पान हातात धरून. तुम्ही त्या दिवशी कुणाला खाली बसवलंत, ते मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कळलं, आणि पुढ्यात आलेला चहा तसाच गार होऊन गेला. एवढ्यावर संपलं असतं तरी मी सावरले असते. पण मी काहीतरी बोलायचं म्हणून चाचींना म्हणाले, अंगठा राहू द्या, पण हा काळोख बघा, चाची, मी लहानपणी याच्यासाठी भांडले होते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि पदराला हात पुसून कागदावर बोट टेकवलं. काळ्याच्या आत, उजेडाला धरलं तरच दिसतील अशा, पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

"फुली हाय तितं काळं भरायचं, असं मास्तरांनी मला शिकवलेलं," त्या म्हणाल्या. "रेघ त्यांची. आतलं काळं समदं माझं. भाकरी झाल्या की मी बसायची. ही विहीर भरायला आठ दिस लागलं बघ. एकसारखं काळं दिसाय नको म्हणून मी बुरुश वरनं खाली वढायची, पाणी झिरपतं तसा."

सर, मी त्या फुल्यांवरून बोट फिरवत राहिले. चाळीस वर्षं होत आली, माझ्या डोक्यात दोन माणसांची तुलना चालू आहे. थोरले की धाकटे. त्यावरून मी तुमच्याशी मनात भांडले, दर वर्षी नव्या पोरांना त्यात ओढलं. आणि ज्या तीन पानांच्या जोरावर हे सगळं चाललं होतं, ती धाकट्यांची नव्हती, आणि त्या पानांत मला जे आवडलं होतं ते तर तुमचंही नव्हतं. ते समोर शेंगा सोलत बसलेल्या बाईचं होतं. तिचं नाव अंकावर असणं तर सोडाच, ती हे काम करते हे शाळेतल्या एका माणसालाही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, त्या तासाला काय झालं ते सरांनी तुम्हाला सांगितलं होतं का. चाचींनी पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या की त्या दिवशी तुम्ही शाळेतून आलात ते चप्पल न काढताच आत आलात. "म्हणाले, आज एका पोरीनं तुझा काळोख वळखला. मी हातातलं काम टाकून उठले. मग इचारलं, तुमी तिला काय म्हणालात. तर म्हणाले, अंगठा चुकलाय म्हणालो. मी लई बोलले त्यांना. दोन दिस बोलले. ती शाईची बाटली माझी हुती, मीच द्यायला लावली."

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. थोरले मोठे, असं तुम्ही म्हणायचात ते खरंच मनातलं होतं, की कुणाला संशय येऊ नये म्हणून धाकट्यांना आमच्यासमोर कमी लेखत होतात. चाची पटकन म्हणाल्या, न्हाय, त्यांना थोरलेच आवडायचे. धाकट्यांसाठी जीव टाकायचे ते, पण चित्र म्हणलं की थोरले. शेवटच्या दुखण्यातसुद्धा उशाला थोरल्यांचाच अंक होता. "खोटं न्हाय बोलले ते कवा," चाची म्हणाल्या, "गप बसले तेवढंच."

पेटीतलं काय ठेवायचं ते आम्ही ठरवलं. विहिरीचा अंक त्या स्वतःबरोबर नेणार आहेत, लेकीला आणि नातींना दाखवणार आहेत. दाखवा म्हणाले मी, आणि फुल्यासुद्धा दाखवा. बाकीचे तीन अंक मला दिलेत. निघताना दारात त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, आता समदं कळलं, मग सांग, तुला कोण आवडतं. मी लगेच म्हणाले, सरच. काळोख तुमचा, पण चित्रकार म्हणून सरच. त्या एवढ्या खूश झाल्या की माझा हात सोडीनात. कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभ्या होत्या.

आणि हेच तुम्हाला सांगायचं आहे, सर, कारण चाचींना सांगता येणार नाही आणि वर्गातल्या पोरांनाही इतक्या वर्षांनंतर सांगायची हिंमत होत नाही. नोकरी लागल्यावर एकदा पुण्यात थोरल्यांच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. मी एकटीच गेले होते. एका हत्तीसमोर उभी राहिले ती दुपार गेली तरी तिथंच. त्या दिवसापासून मला थोरलेच आवडतात. वर्गात धाकटे सांगते ते तुमच्यावरच्या रागानं, आणि शुक्रवारी मी तुमचं नाव घेतलं ते चाचींच्या तोंडाकडं बघून. सातवीत असताना विहिरीचा अंक पुढं करून मी तुम्हाला त्या दोघांच्याही वर ठेवलं होतं, तेव्हा ते मला माहीत नव्हतं. कळलं तोवर माझं मत बदलून गेलं होतं.