नऊ फण्यांचं उत्तर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. दर वेळी वाकून करतो, आज छाती पुढे काढून केला आहे, तो तसाच स्वीकारावा. तीन मजले चढून तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा उजवा कान बरा आहे ना? (डाव्याचं खापर ते अजून माझ्या भाषणावर फोडतात. त्या सभेत ते आपण होऊन कर्ण्याखाली जाऊन बसले, यात वक्त्याचा काय दोष?) इकडे सगळे खुशाल. नमस्कारानंतर 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण या पत्रात विनंती शोधूनही सापडणार नाही. सगळं विशेषच आहे.

चार महिन्यांपूर्वी तुझं कार्ड आलं. मागेपुढे काही नाही, एकच ओळ. 'आईची केळ तू संपवलीस असं समजू का?' ताई, मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, मोठमोठ्या विद्वानांना समासात लाल शाईनं जाब विचारला, भरसभेत अध्यक्षांना खाली बसवलं. पण त्या एका ओळीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्ड मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं आणि तेव्हापासून 'क'पासून सुरू होणारा एकही शब्द पाहायला गेलो नाही. आज तो खंड उघडला आहे. ऐक. घड आला आहे. नऊ फण्यांचा. आईच्या केळीचा. माझ्या अंगणात.

आता हे कसं घडलं ते मुळापासून सांगतो, कारण विजयाचा नुसता निकाल सांगणं म्हणजे टाळ्यांशिवाय सभा उरकणं.

तू जुनं घर सोडून त्या तिसऱ्या मजल्यावर गेलीस त्या दिवशी मागच्या अंगणातून आईच्या केळीची दोन पिल्लं खणून, ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिलीस. एक रुंद पानांचं, टवटवीत, पाहताक्षणी सभा जिंकणारं. दुसरं किडकिडीत, पानं कसली, नुसत्या सुऱ्या उगवलेल्या. तू बराच वेळ काही सूचना देत होतीस. माझा कबुलीजबाब असा की मी त्या ऐकल्या नाहीत. मी तेव्हा तुझ्या रिकाम्या घराला निरोपाचं भाषण करत होतो. (ते चांगलं झालं होतं. सामान उचलणाऱ्या दोघांनी पेटी खाली ठेवून ऐकलं.) माझ्या कानात शेवटचं तेवढं राहिलं, की यातलं पहिलं केळं मला खायला घाल, मग तुला भाऊ म्हणेन.

घरी आल्यावर मी दोन्ही पिल्लं समोर ठेवली आणि निवड केली. आयुष्यभर व्यासपीठावरून ओरडत आलो की माणसाची पारख त्याच्या रूपावरून करू नका, अंगावरच्या कपड्यांवरून करू नका. केळीबद्दल तसं काही बोललेलो नव्हतो. रुंद पानांच्या पिल्लाला फाटकासमोरची उन्हाची जागा दिली, दोन हात खोल खड्डा, तळाला कुजलेलं शेणखत, वर भाषण. आणि ते सुऱ्यांचं पिल्लू, हे काही जगायचं नाही म्हणून न्हाणीमागच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलं. लागलीच विसरलोही.

समोरच्या केळीनं मात्र सहा महिन्यांत माझी मान उंच केली. पानं अशी की फाटकातून येणाऱ्याला वाकून यावं लागे. (पोस्टमन वाकायचा, मोजणीदार वाकायचे नाहीत. पानं फाटली ती त्यांच्यामुळे, वाऱ्यामुळे नव्हे.) आणि मग बुंध्याच्या चारी बाजूंनी पिल्लं फुटू लागली. तीन झाली, आठ झाली, मी मोजणं सोडून दिलं. मोजणीदारांनी सोडलं नाही. हे आमचे शेजारी. नोकरीची सगळी वर्षं जमिनी मोजण्यात गेली, आता निवृत्तीत दिसेल ते मोजतात. एका सकाळी कुंपणावरून म्हणाले, "तेवीस झाली. एक आई ठेवा, एक लेक ठेवा, एक नात. बाकीची काढा. नाहीतर पानंच खाल."

ताई, यावर मी गप्प बसायला हवं होतं का? तूच सांग. कुणाला जगू द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारा मोजणीदार कोण? मी त्यांना तिथेच सव्वा तास उत्तर दिलं. म्हटलं, या जगात कुणीही जादा नाही. जागा कमी पडत असेल तर दोष जागेचा, जन्मणाऱ्याचा नाही. माझ्या अंगणात कुणाच्याही मुळाशी पहार लागणार नाही, हा माझा शब्द आहे! समोरच्या बाकड्यावर बसलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मोजणीदार म्हणाले, "ते ठीक. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर साडेसहा फूट सावली येते, तिचं काय?" अशा माणसाशी तत्त्वांची चर्चा करता येत नाही.

पण सावली खरोखरच वाढत होती. आमच्या पुढच्या खोलीत दुपारी दिवा लावून वाचावं लागे. तुझ्या भावजयीनं एकदाच विचारलं, "अहो, आपण केळी लावल्या आहेत की वस्ती वसवली आहे?" तेव्हा मला मार्ग सुचला. कुणाला मारायचं नाही, तर सर्वांना घर द्यायचं. वाचनालयात बुधवारी माझं व्याख्यान असतं. त्या बुधवारी मी 'एक घर, एक केळ' या विषयावर बोललो आणि शेवटी चौदा पिल्लं बादल्यांतून व्यासपीठावर आणवून श्रोत्यांना वाटली. निवडतानाही अन्याय नको म्हणून सर्वांत रुंद पानांची, देखणी तेवढी घेतली. आवेशात मी शब्दही देऊन बसलो, की वर्षाच्या आत घराघरात घड लोंबतील. ग्रंथपालबाईंनी तारीख लिहून घेतली. (त्यांना ती एक वाईट खोड आहे.)

वर्ष झालं. बुधवार आला. मी बोलायला उभा राहिलो तर पहिल्या रांगेत बादल्या. अकराजणांनी आपापली केळ मुळासकट परत आणली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी निषेध केला नाही. नुसते बादल्या घेऊन बसले होते. निषेधाला मी उत्तर देऊ शकतो, ताई, मला त्याची सवय आहे. बादलीला काय उत्तर देणार? शेवटी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई उठल्या, तोंडातली टाचणी काढून हातात घेतली आणि म्हणाल्या, "सर, केळ अगदी तुमच्यावर गेली आहे. पानंच पानं." सभागृह पाच मिनिटं हसत होतं. ग्रंथपालबाईंनी तेही लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं.

त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, की फाटकासमोरच्या रानात उभा राहून मी पहिल्यांदाच मनाशी म्हटलं, आईनं एका पिल्लावर सुरुवात केली होती, तू ती तीस वर्षं टिकवलीस, आणि माझ्या हातात आल्यावर तिची नुसती गर्दी झाली. मी पुस्तकं काढली. सात पुस्तकं वाचली. सातही पुस्तकांत एकच गोष्ट. रुंद पानांचं पिल्लू दिसायला दांडगं, पण त्याचा कंद पोकळ. जमिनीला वरवर चिकटलेलं असतं. खरं पिल्लू ते, ज्याची पानं सुरीसारखी अरुंद आणि बूड जाड. ते वर दिसत नाही कारण ते खाली काम करत असतं. वाचून मी पुस्तक मिटलं आणि न्हाणीमागच्या ढिगाची आठवण होऊन कपाळावर हात मारला. पण बघायला गेलो नाही. टाकून दिलेलं पिल्लू दोन वर्षांनी बघायला कोणत्या तोंडानं जायचं?

आणि मग तुझी भावजय चार दिवस तिच्या बहिणीकडे गेली. बुधवार आला, धुतलेला सदरा नाही. शेवटी मी साबण आणि सदरा घेऊन न्हाणीमागे गेलो. तू विचारशील, दोन वर्षांत मी त्या बाजूला एकदाही फिरकलो नव्हतो का? ताई, तिकडे धुण्याचा दगड आहे. (स्त्री-पुरुष समतेवर माझी बावीस व्याख्यानं झाली आहेत. त्यांत धुण्याचा मुद्दा यायचा राहून गेला होता. तो आता घातला आहे.)

दगडाशी वाकलो, सदरा आपटला, कंबर मोडली म्हणून ताठ उभा राहिलो, तर डोक्यावर कुणीतरी टपली मारली. वर पाहतो तो जांभळं, जड केळफूल. त्याच्या वर दांडा. आणि दांड्यावर, ताई, फणीवर फणी, फणीवर फणी, हिरवीगार, आभाळाकडे वळलेली. बुंधा माझ्या कवेत मावेना. शेजारी गुडघ्याएवढं एकच पिल्लू, सुरीच्या पानांचं, आणि त्याच्या पलीकडे वीतभर कोंब. एक आई, एक लेक, एक नात. धुण्याचं पाणी जायला छोटासा चर खणलेला. घडाच्या बाजूला केळ कलू नये म्हणून दोन बांबूंचा टेकू, आणि टेकूला बांधलेली आमची जुनी चादर. मी साबणाच्या हातांनी तिथेच दगडावर बसलो. फण्या मोजल्या, नऊ भरल्या.

उघड आहे, की त्या दिवशी तुझ्या सूचना कुणीतरी ऐकत होतं. मी घराला निरोप देत असताना तुझी भावजय गोणपाटाशेजारी उभी होती. मी टाकलेलं पिल्लू तिनं दुसऱ्या दिवशी ढिगावरून उचलून दगडापाशी लावलं आणि मला सांगितलं नाही. परत आल्यावर विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याच्यासमोर तुम्ही भाषण केलं असतं. नाजूक होतं हो ते."

आता काही लोक म्हणतील (मोजणीदार म्हणालेच), की यात माझा विजय कुठे आहे? मी त्यांना ठणकावून विचारतो, मी काय म्हणत होतो? कुणीही जादा नाही, कुणालाही टाकून देऊ नका, हेच ना? मग ज्याला कचऱ्यात टाकलं त्यानंच नऊ फण्या दिल्या, याहून मोठा पुरावा कोणत्या सिद्धांताला मिळाला आहे? टाकणारा मीच होतो, हा तपशील आहे. सिद्धांत खरा ठरतो तेव्हा तो आपल्या विरुद्ध खरा ठरला म्हणून काही खोटा होत नाही. मी हे परवाच्या बुधवारी शब्दशः बोललो. शिंपीणबाईंनी सर्वांत आधी टाळी वाजवली, टाचणी तोंडात असल्यामुळे बोलल्या मात्र नाहीत. मोजणीदारांनी घड येऊन मोजला. नऊ फण्या, एकशे एकतीस केळी. त्यांनी दोनदा मोजली, दुसऱ्यांदा मनापासून.

अडीच महिने मी तुला कळवलं नाही, कारण घड भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. आता केळ्यांच्या धारा बोथट झाल्या आहेत, अंग गोल आलं आहे. कार्ड शब्दकोशातून काढून पुढच्या खोलीत भिंतीला लावलं आहे. खाली माझ्या हस्ताक्षरात लाल शाईनं लिहिलं आहे: 'नाही.'

भावोजींना नमस्कार. उजव्या कानात हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा, आता हक्कानं,
धाकटा भाऊ

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. केळ आयुष्यात एकदाच घड देते. घड उतरवला की बुंधा तोडावा लागतो, नाहीतर लेक वाढत नाही, हे सातही पुस्तकांत आहे. माझ्या अंगणात कुणाच्या मुळाशी हत्यार लागणार नाही असा मी जाहीर शब्द दिलेला आहे. मोजणीदार कोयता घेऊन तयार आहेत, पण त्यांना हा मान देण्यापेक्षा मी केळ घरात घेऊन झोपेन. तुझी भावजय म्हणते, टाकली ज्यानं, तोडावीही त्यानंच. गेले चार दिवस मी त्या बाजूला गेलेलो नाही. पाहवत नाही. आईनं लावली, तिच्या दर केळीला तूच कोयता लावलास आणि तूच लेक वाढवलीस. तर तू ये. गुडघे दुखत असतील तर गाडी करून ये. ही विनंती आहे.

दुसरा ता. क. कोयता तुझाच आण. माझा मी लपवून ठेवला आहे.

ताई, आता मी, तुमची भावजय, लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. कोयता आणू नका, तो पुस्तकांच्या कपाटामागे आहे, मला केव्हाच सापडला. घड मी तीन दिवसांपूर्वीच उतरवला. हे न्हाणीमागे फिरकलेच नाहीत म्हणून त्यांना कळलं नाही, आणि आता तो स्वयंपाकघरात टांगला आहे, म्हणजे तसा लपलेलाच आहे. बुंधा मात्र तुमच्यासाठी ठेवलाय. शिंपीणबाईंना आणि बाकीच्या दहाजणांना याच केळीचं, सुरीच्या पानांचं एकेक पिल्लू मी मागेच देऊन आले होते. त्यांची आता कमरेला लागली आहेत, हे त्यांनी यांना सांगायचं नाही असं ठरलंय. वरची फणी पिवळी होऊ लागली आहे. पहिलं केळं तुमचं आहे. आल्या आल्या चपला काढायच्याही आधी खाऊन टाका, कारण स्वागताचं भाषण कागदावर तयार आहे, मी पाहिलंय, अकरा पानांचं आहे, आणि तेवढ्या वेळात केळी काळी पडतील.