उलट्या दिशेचे टाके

प्रिय गुंड्या,

महिनाभरात बाप होणाऱ्या माणसाला गुंड्या म्हणणं शोभत नाही, हे मला कळतं. पण हात तसाच वळला. सूनबाईच्या पायांची सूज उतरली का? भूक नीट लागते का? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? तू फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतोस आणि फोन ठेवतोस. तेवढ्याने माझ्यासारखीचं कसं भागणार? मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तुझ्या बाबांनी विनोद केला होता, की पोरासाठी मावशी आणायला गेलो आणि चौकशी घेऊन आलो. तो विनोद ते अजून करतात आणि स्वतःच हसतात.

मागच्या रविवारी तू विचारलंस, आईची बाबागाडी माळ्यावर अजून आहे का, असली तर धुऊन पाठवशील का. तू सहज विचारलंस, पण ‘आई’ हा शब्द तुझ्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी ‘हो, हो, आहे’ म्हणून फोन ठेवला आणि स्टूल ओढलं. आज चार दिवस झाले. सगळं सामान धुऊन, वाळवून पुढच्या खोलीत मांडलंय आणि बाबा त्याला वळसा घालून ये-जा करतायत. खोक्यात भरण्याआधी मला तुझ्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे. ती फोनवर माझ्याच्याने होणार नाही. ती वाचल्यावर बाळाला बघायला मी तिकडे यावं की येऊ नये, ते तू ठरव. मला राग येणार नाही. पण जशी माझ्या लक्षात आली तशीच सांगते, नाहीतर मला सांगताच येणार नाही.

तुला ठाऊक आहे, बावीस वर्षं मी दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुवायच्या खोलीत काढली. तिथे एक खोड लागते. वस्तू हातात आली की ती आधी धुवायची नाही, आधी बघायची. चिमट्याच्या दातात काय अडकलंय, कात्रीचा सांधा कुठे घासलाय, यावरून टेबलापाशी काय झालं असेल ते आम्ही बायका ओळखायचो आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायचो. माळ्यावरचं ते चादरीत बांधलेलं सामान मात्र मी सव्वीस वर्षं कधी सोडलं नाही. दर वर्षी त्याच्या अवतीभवती झाडू फिरवायचा आणि खाली उतरायचं. तुझ्या आत्यांनी मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तिचा विषय या घरात काढायचा नाही, त्याला त्रास होतो. ‘त्याला’ म्हणजे बाबांना की तुला, हेही मी विचारलं नाही. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. शेजारणीच्या भाचीच्या साखरपुड्यापर्यंत सगळ्या जगाच्या चौकशा करणारी मी, तेवढ्या एका बाबतीत तोंडाला कुलूप घालून बसले.

तर चादर सोडली. आधी बाबागाडी. चाकं काढायला तुझ्या बाबांना बोलावलं, त्यांनी एक स्क्रू हरवला, मग मीच काढली. आसांवर केस आणि धागे इतके घट्ट गुंडाळले होते की सुईने उकलावे लागले. त्यात लाल लोकरीचा हातभर धागा निघाला. तुला लाल स्वेटर होता का? बाबांना विचारलं तर म्हणाले, असेल. कापडी बैठक कोमट पाण्यात साबण घालून दोन तास भिजवली, काळे ठिपके पडले होते तिथे जुना दात घासायचा ब्रश हलक्या हाताने फिरवला आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवली. आता वास येत नाही, मी पुन्हा पुन्हा नाक लावून पाहिलंय. टब मात्र टाकून दिला, तळाला बारीक चीर होती. बाटल्यांची रबरं चिकट झाली होती, तीही गेली. गादीतला फोम चुरा होत होता म्हणून नवा घालून घेतला. जुनं आहे म्हणून सगळंच जपायचं नसतं, बाळाच्या बाबतीत तर नाहीच.

गाडीच्या दांडीवर जिथे हात धरतात तिथे निळं कापड गुंडाळून हाताने शिवलेलं आहे. काय छान शिवलंय. टाके तांदळाएवढे, सारखे, पण मला ते बघताना सारखं काहीतरी खटकत होतं. चष्मा लावून बसले तेव्हा कळलं, टाके उलट्या अंगाला कललेले आहेत. मी शिवते, आपली कोपऱ्यावरची शिंपीण शिवते, सगळ्यांचे टाके एका बाजूला झुकतात, हे दुसऱ्या बाजूला. दांडी खालीवर फिरवून पाहिली, तरी कल काही बदलेना. बाबा म्हणाले, विकत घेताना तसंच असेल. यांच्या ‘असेल’चं काय करायचं सांग.

मग तुझी जेवायची खुर्ची. ताटाच्या कडेवर तुझ्या दातांच्या खुणा आहेत, खालचे दोन, वरचे चार, म्हणजे दहा-अकरा महिन्यांचा असशील. मी बोट फिरवून पाहिलं. तुझे ते दात मी बघितलेच नव्हते, मी आले तेव्हा तू बत्तिशी दाखवत फिरत होतास. पट्ट्याच्या खाचेतून दगड झालेला एक वाटाणा निघाला आणि कसलीशी पिवळी पेज, ती गरम पाण्याच्या फडक्याने शेकून शेकून सुटली. पट्टा सोडवायला खुर्ची पालथी केली तर बैठकीच्या खाली एक कागद चिकटवलेला. अक्षर गोल, शाईचं. जसंच्या तसं उतरवून देते:

‘पट्टा आधी सोडवा, मग खुर्ची धुवा. साबण पूर्ण जाऊ द्या, तो पट्टा चोखतो. ओला पट्टा पुन्हा अडकवू नका, मागच्या वेळी काय झालं ते आठवा. हे विचारायला मला उठवू नका, सगळं इथे लिहिलं आहे.’

गुंड्या, मी न्हाणीघरात फरशीवर बसून एकटीच हसत सुटले. तुझ्या बाबांना कोणीतरी माझ्याआधी इतकं अचूक ओळखलं होतं. सव्वीस वर्षं भिंतीवरच्या फोटोत एक गंभीर बाई बघितली होती मी. ही बाई गंभीर नव्हती. मला ती आवडली. तिची नि माझी गाठ पडली असती तर आम्ही दोघींनी मिळून तुझ्या बाबांना सळो की पळो केलं असतं.

पण माझी खोड गेली नाही. कागदावरची शाई फिसकटली होती. आधी वाटलं, पाणी गेलं असेल. पण वरून पारदर्शक चिकटपट्टी अगदी काठोकाठ लावलेली, पाणी शिरायला जागाच नाही. म्हणजे शाई चिकटपट्टीच्या आधीच फिसकटली, लिहिता लिहिता. आणि प्रत्येक ओळ एकाच बाजूला, उजवीकडे ओढली गेलेली. मी टेबलाशी बसले, बाबांचं शाईचं पेन घेतलं आणि तेच वाक्य लिहिलं. माझी शाई जागची हलली नाही, कारण माझा हात अक्षरांच्या पुढे पुढे जातो. मग पेन डाव्या हातात धरलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं, पण हात मागून ओल्या अक्षरांवरून घसरत आला आणि प्रत्येक ओळ उजवीकडे फिसकटली. मग उठून दांडीवरचे टाके पुन्हा बघितले. सुईदोरा घेऊन चिंधीवर डाव्या हाताने चार टाके घातले. वेडेवाकडे, पण कललेले तिच्यासारखेच.

मी चिंधी खाली ठेवली. माझ्या तळहाताची कड शाईने निळी झाली होती, आणि तशी कड मी आधी पाहिलेली होती. तू पाच वर्षांचा असताना शाळेतून आलास की तुझ्या डाव्या तळहाताची कड शिसपेन्सिलीने काळी झालेली असायची. मी रोज संध्याकाळी ती साबणाने घासून स्वच्छ करायचे. आणि मला वाटायचं, ही एक वाईट सवय आहे, आईविना वाढलेल्या पोराला कोणी वेळेवर वळण लावलं नाही, ते आता मी लावायचं. मी तुला रागावले नाही, मारलं तर नाहीच. मी हुशारी केली. तुझ्या डाव्या मुठीत एक रुमाल दिला आणि सांगितलं, हा मावशीचा रुमाल आहे, जेवताना आणि लिहिताना हा सांभाळायचा, खाली ठेवायचा नाही. तू किती इमानदारीने सांभाळलास. दीड वर्षं. शाळेच्या फोटोतही तुझ्या मुठीत तो आहे. लोक कौतुक करायचे आणि मीही ते ऐकून फुगायचे. तुझं अक्षर बिघडलं, तू काही दिवस बोलताना अडखळायला लागलास, तेव्हाही मला यातलं काही सुचलं नाही. मी तुला आणखी शुद्धलेखन घालत राहिले.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी बाबांना सरळ विचारलं, ती डावखुरी होती का. ते नेहमीसारखं ‘असेल’ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, नखशिखांत. मग चहाची वेळ झाली तरी ते बोलत होते. कात्री चालत नाही म्हणून ती कात्रीशीच भांडायची. दर शनिवारी बाबागाडी धुताना गायची आणि सूर कधीच लागायचा नाही. ओल्या पट्ट्याला बुरशी धरली ती यांच्यामुळेच. तू सहा महिन्यांचा असताना डावा हात पुढे करून तिचा चमचा धरलास, तेव्हा तिने सगळ्या बिऱ्हाडांत जाऊन सांगितलं, की हा माझ्यावर गेलाय. मी म्हटलं, मग मी रुमाल दिला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? ते म्हणाले, मला वाटलं, तिचं काही तुझ्या डोळ्यांसमोर नको असेल, आणि तू कधी विचारलंही नाहीस. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांच्यावर रागावायचं होतं, पण ज्या कुलपाआड ते होते ते मीच तर लावलं होतं.

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तू नऊ वर्षांचा असताना भांडी पुसता पुसता मला विचारलं होतंस, आई कशी होती गं, आणि मी तुला ताटल्या मोजायला लावल्या. मला ठाऊक नव्हतं हे खरं, पण मी ठाऊक करून घ्यायला हवं होतं. तुझ्याकडे तिची एकच गोष्ट चालती-बोलती उरली होती आणि ती मी तुझ्या हातातून काढून घेतली, प्रेमाने घेतली, तरी घेतलीच. माझं चुकलं, गुंड्या. गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा तू दाराची कडी बसवत होतास, स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात होता आणि हात किती सफाईने चालला होता. मी दारात आलेली दिसले आणि तू तो पटकन उजव्या हातात घेतलास. तेव्हा मला नुसतं नवल वाटलं होतं. आता कळतं, तू तसं का केलंस. खोकं परवा निघेल. खुर्चीखालचा कागद मी काढलेला नाही, त्याच्याभोवतीनेच पुसलंय. बाकी जे तिच्याबद्दल विचारायचं असेल ते बाबांना विचार, ते आता सांगतात. आणि मी यावं असं तुला वाटलं, तर एवढं कर. सहा-सात महिन्यांनी बाळ चमच्याकडे हात करेल, तो कुठलाही असो, आणि माझा हात जुन्या सवयीने चमचा बदलायला पुढे जाईल. तेव्हा मागचापुढचा विचार न करता, चारचौघांत असलो तरी, माझं मनगट घट्ट धर. डाव्या हाताने धर.

तुझीच,
मावशी