वळताना अडखळणारं विमान

तंजावूर,
मार्गळी महिना, सोमवार

प्रिय मुरली,

तुझं कार्ड पोचलं. इंग्रजीत, घाईघाईत लिहिलेलं, आणि सगळं मिळून मागणं एकच: कॉम्प्युटर गोणपाटात नीट गुंडाळून लॉरीने मद्रासला पाठवा. तिथे कुणीतरी सांगितलं म्हणे, आणखी मेमरी घातली तर आपल्या जुन्या मशीनवरही तो फ्लाइट सिम्युलेटर न अडता चालेल. उत्तर देतोच आहे, पण तुझ्यासारखं चार ओळींत मला जमायचं नाही. आणि मराठीत लिहितोय ते मुद्दाम. तुझ्या खोलीतली पोरं तमिळ वाचतील, इंग्रजी वाचतील, हे त्यांना लागणार नाही. तुलाही अक्षर अक्षर लावावं लागेल. मोठ्याने वाच. लहानपणी मी पाटीवर ही अक्षरं गिरवून घ्यायचो, तेव्हाही तुझ्या डोळ्यांपेक्षा कानच हुशार होते.

आम्ही बरे आहोत. अम्माचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिचं तोंड काही कुरकुरायचं थांबत नाही, तेव्हा तब्येत उत्तम समज. रसम तरी धड करायला शिकलास का, हे तिने विचारायला सांगितलंय. वेन्नाट्रंकरैच्या गल्लीत एसटीडी बूथ निघालाय, समोरच्यांच्या गच्चीवर भलं मोठं डिश लागलंय, आणि माझ्या वाइंडिंगच्या दुकानात अजून खेड्यांतल्या पंपसेटच्या जळक्या मोटारीच येतात. तू गेल्यापासून अम्माने कॉम्प्युटरवर माझी नेसायची जुनी वेष्टी टाकून ठेवली होती. त्या खोलीच्या दारातून जाताना वाटायचं, पांघरूण घेऊन कुणी बसलंय. एकदा दुपारी ती मला म्हणाली, अहो, विमानाची घरघर ऐकू येते. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. मी तिला हसलो. मग एका दुपारी मलाही ऐकू आली. पंख्याचीच असणार, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आणि पंखा बंद करून बघायचं काही कुणी नाव काढलं नाही.

तुला त्या मशीनकडून काय हवं होतं, ते मला ठाऊक आहे. तू सांगितलं नाहीस. पण उजवा खांदा प्लॅस्टरमध्ये असताना तू डाव्या हाताने तेच एक उड्डाण पुन्हा पुन्हा करत होतास, आणि मी दारात उभा राहून बघत होतो. विमान वर चढतं, इंजिन बंद पडतं, आणि सेतू शेजारी असताना तू जे केलं नव्हतंस ते करून बघतोस: मागे वळून धावपट्टी गाठायची. त्या दिवशी तू वळला नाहीस. फ्लाइंग क्लबात शिकवलं होतं तसं सरळ समोरच्या शेतात उतरवलंस. चाक बांधाला लागलं, विमान उलटलं, तू राहिलास आणि सेतुमाधव गेला. नव्या विमान कंपन्या निघाल्यात, पायलट हवेत, म्हणून दोघं एकाच ट्रंकेत कपडे भरून निघाला होतात; परत आलास तेव्हा त्या ट्रंकेत त्याचेही शर्ट होते. वळलो असतो तर तो वाचला असता का? एवढंच तुला विचारायचं होतं. आणि चित्र नेमकं तिथेच अडायचं. विमान अर्धं वळलं, धावपट्टी आणि तिच्या कडेच्या इमारती काचेत यायला लागल्या की थबकायचं, गचका खायचं, आणि गचका संपेपर्यंत विमान जमिनीत. ना हो, ना नाही. मग एका सकाळी तू मद्रासला कुरियरच्या ऑफिसात नोकरी धरलीस आणि गेलास. ओरत्तनाडूला, सेतूच्या घरी, न जाताच.

तू गेल्यावर मी वेष्टी काढली. म्हटलं, पोराला नाही मिळालं ते आपण काढून ठेवू. कॉम्प्युटर मला येत नव्हता, खरं आहे. पण मोटार तरी मला कुणी शिकवली होती? जळलेली उलगडायची, वेटोळं कसं होतं ते बघायचं, पुन्हा तसंच भरायचं. सिम्युलेटरबरोबरचं पुस्तक शब्दकोश उशाशी घेऊन वाचलं. तुझी अम्मा म्हणाली, या वयात पायलट होणार आहात का, मग मला एअर होस्टेस तरी करा. तिला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही, की मशीन सुरू होताना दारातून भलभलते लोक आत येऊन बसतात. तिरुच्चीच्या ज्या ऑफिसाकडून आपण ते जुनं घेतलं, त्यांच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, तमिळ टायपिंगचा प्रोग्रॅम, असे कितीतरी. काम काही नाही, पण मेमरीत मांडी ठोकून बसलेले. त्यांना सुरुवातीच्या फाइलमधून एकेक करून उठवलं. मग डिस्कवर तुकडे विखुरलेले होते: तूरडाळ थोडी या डब्यात, थोडी त्या डब्यात, आणि ऐन फोडणीच्या वेळी अम्मा चार डबे उघडतेय, तसं. ते एका जागी आणून लावले. आणि ऐक, काही दिवस मशीन बरं चालायचं, काही दिवस रडायचं, तू डोकं आपटायचास ना? पुढच्या बाजूचं टर्बोचं बटण. अम्मा धूळ पुसताना फडक्याने ते दाबायची. सुटलं की वेग अर्धा. तिला सांगितलं तर म्हणाली, मग एवढं महत्त्वाचं बटण पुढे कशाला ठेवतात, चुलीमागे ठेवायचं. तेव्हा आम्ही दोघं हसलो. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी.

पण वळताना गचका होताच. तेव्हा मी सिम्युलेटरमधलं एकेक काढायला लागलो. ढग काढले. वारा काढला. सावल्या काढल्या, जमिनीवरची शेतांची नक्षी काढली, नुसता हिरवा रंग ठेवला. इमारती काढल्या. चित्राची चौकट पोस्टकार्डाएवढी केली. शेवटी आवाजही बंद केला, आणि तिथे चित्र सुधारलं. पण घर बिघडलं बाबा. बिनआवाजाचं विमान बिनढगांच्या आभाळात, खाली सपाट हिरवं, कुठे झाड नाही की घर नाही, अशा जगावरून जायला लागलं. बघवत नव्हतं. त्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मशीनपुढच्या बाकावर मी मधोमध बसत नव्हतो, डावीकडे सरकून बसत होतो. तूही तसाच बसायचास. उजवी जागा सेतूसाठी मोकळी ठेवून.

आणि मग एका दुपारी मी इंजिन बंद केलं, वळलो, आणि चित्र अडलंच नाही. धावपट्टी लोण्यातून सुरी जावी तशी समोर आली, आणि विमान तिच्यावर उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा उतरलं. त्या दिवशी ताटातलं तसंच राहिलं. अम्माने माझ्याकडे बघितलं, ताट उचललं आणि विचारलं, वेळ होता का? म्हणजे तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं मी काय करतोय ते. मी म्हटलं, होता. तिने ताट मोरीत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, त्याला सांगायचं नाही.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नकोस. मोटारीचं वेटोळं मोजताना चुकायचो. आभाळात विमान गेलं की अम्माची विळी थांबायची. आणि एकदा दुकानात, तार हातात असताना, मला सुचलं: मी वळतो केव्हा? इंजिन बंद पडल्यावर नाही. त्याच्या आधीच माझा हात वळणाला तयार असतो, कारण बंद करणारा मीच. घरी आलो, अम्माला डावीकडे स्टुलावर बसवलं, इंजिन बंद करायची एक कळ दाखवली. उंचीची सुई इथून तिथपर्यंत असेल तेव्हा वाटेल त्या क्षणी दाब, मला कळू देऊ नकोस. ती मांडीवर वालपापडीची परात घेऊन बसली. शेंगा मोडता मोडता, शेजारच्या नंदिताच्या लग्नाचं सांगता सांगता, मध्येच दाबायची. आवाज तर नव्हताच. काय झालं ते कळेपर्यंत, नाक खाली घेईपर्यंत, वळू की नको म्हणेपर्यंत खाली हिरवं. दुसऱ्यांदा हिरवं. रोज हिरवं. ज्या जगात वारा नाही, झाड नाही आणि विमानात दुसऱ्या माणसाचं वजन नाही, त्या जगातसुद्धा, मुरली, एकदाही धावपट्टी लागली नाही. वळलो तेव्हा तर पंख टेकवून, डोक्यावर पडलो. अम्मा शेवटी परात खाली ठेवून म्हणाली, आमच्या पोराने सरळ उतरवलं ते बरं केलं हो. आणि पदर तोंडाला लावला.

म्हणून मशीन पाठवत नाही. आणखी मेमरी घातलीस तर ते तुझ्याकडेही न अडता चालेल, तू वळशील, उतरशील, आणि जन्मभर त्या उतरण्यावर विश्वास ठेवशील. तिथे तुझ्या शेजारी कळ दाबायला कुणी नसेल.

हे एवढं लिहायला मला गेल्या आठवड्यापर्यंत धीर झाला नव्हता. गेल्या आठवड्यात मंगलाक्का आल्या. सेतूच्या आई. तू नाव वाचूनच पत्र खाली ठेवशील, ठेवू नकोस. डोळे दाखवायला ओरत्तनाडूहून आल्या होत्या, परतीच्या बसला वेळ होता. पिशवीतून दोन नारळ काढून अम्माच्या हातात दिले आणि सरळ त्या खोलीत गेल्या. अम्मा धावली वेष्टी टाकायला, पण मशीन चालू होतं, मी बाकावर होतो, विमान धावपट्टीवर उभं होतं. हेच का ते, त्या म्हणाल्या. आणि बाकावर बसल्या, माझ्या उजवीकडे, मोकळ्या जागेत. त्यांना काय ठाऊक. मला मात्र बाजूला बघवेना. म्हणाल्या, वेंकटण्णा, उडवा. मी काय सांगायचं ते सांगितलं: कळ, सुई, अम्मा काय करते ते. त्यांनी चष्मा पुसला, बोट कळीवर ठेवलं. विमान चढलं. त्यांचं बोट कळीवरच होतं, पण दाबत नव्हतं. सुई खुणेच्या पुढे गेली. विमान वर वर गेलं, इतकं वर की तिथून कुणालाही सुखरूप उतरता आलं असतं. अम्मा हळूच म्हणाली, अक्का, दाबा ना. त्यांनी बोट काढून घेतलं. म्हणाल्या, जाऊ दे गं. जाऊ दे वर.

मग त्यांनी विचारलं, एवढ्या वरून आपलं शेत दिसतं का? मी म्हटलं, या मशीनमध्ये नाही दिसत, मी सगळं काढून टाकलंय. त्या म्हणाल्या, मग याचा मला काय उपयोग? वेळ होता की नव्हता, कुणी वळायचं होतं, ते मी विचारतच नाही. मला कळतही नाही ते. इंजिन बंद पडायच्या आधी काय झालं ते सांगा. सेतू वर गेला तेव्हा हसला का? घाबरला का? खाली बघून काय म्हणाला? माझ्या मुलाने आभाळातून काय बघितलं, हे सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो मद्रासला तोंड लपवून बसलाय. त्याला सांगा, मी त्याला काही विचारणार नाही, त्यानेच बोलायचंय. एवढं म्हणून त्या बससाठी उठल्या. मुरली, हे पत्र मी त्यांचा निरोप म्हणून लिहितोय, बाकीचं सगळं तुला तिथपर्यंत आणण्यासाठी होतं. पोंगलला ये. ओरत्तनाडूला मी तुझ्याबरोबर बसने येईन, दारापर्यंत. आत तू एकटा जा.

तुझी वाट बघत असलेला,
तुझाच
अप्पा